टोरंटो ते लंडन, सात तास

माझी धाकटी बहीण नर्स म्हणून लंडनला गेली तेव्हा भावाला टोरंटोला जाऊन दोन वर्षं झाली होती. आम्ही तिघं भावंडं. मी मोठी, सुरतेत लिंबायतच्या एका मराठी शाळेत शिकवते. भाऊ मधला. बहीण शेंडेफळ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील कापडाच्या लूमवर कामाला होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. माय डिंडोलीच्या जुन्या घरात राहते आणि मी दोन गल्ल्या सोडून. साड्यांना खडे चिकटवायचं काम ती अजून घरी आणते. गरज नाही, पण हात रिकामे राहिले की तिला करमत नाही.

बहीण गेली त्या आठवड्यात माय मला म्हणाली, "तठेच शेतस ना दोन्ही? मंग भेटतीन की."

मायच्या लेखी जगाचे दोन भाग होते, आठे आणि तठे. इकडे सुरत, नंदुरबार, अमळनेर, जिथंपर्यंत आमची सोयरीक पोचते तेवढं. बाकी सगळं तिकडे. दोन्ही पोरं तिकडे, म्हणजे एकमेकांच्या जवळ. मी तिला समजावलं की मध्ये समुद्र आहे. शाळेतून पृथ्वीचा गोल घरी आणला. तिच्याच डब्यातला दोरा लंडनपासून टोरंटोपर्यंत ताणून दाखवला. तोच दोरा मग सुरतेवर ठेवला तर तो पार अरबस्तानच्या पलीकडे गेला. सत्तावन्नशे किलोमीटर, मी म्हणाले.

तिला किलोमीटर कळत नव्हते. "कितला तास लागतस?"

मी फोनवर बघितलं. टोरंटोहून लंडनला सात तास. उलट जाताना वारा समोरून असतो म्हणून आठ.

"सात तास?" ती हसली. "आपली भुसावळ पॅसेंजरबी तितलाच घेस. भाऊले सांग, बहीण एकटी शे तठे."

मी सांगितलं. तोही हसला. म्हणाला, "आक्का, सात तास म्हणजे काहीच नाही. कधीही जाईन."

हे 'कधीही' पाच वर्षं पुरलं. आधी त्याचे कायम राहण्याचे कागद व्हायचे होते, तोवर देश सोडून जायची त्याची हिंमत नव्हती. कागद झाले तर नोकरी बदलली. मग हिला सुट्टी मिळेना, सणासुदीला वॉर्डात माणसं कमी असत आणि ही एकटीदुकटी, हिला ड्यूटी लागायची. एकदा ती जाणार होती, तिकीट बघून झालं होतं, तेव्हा त्याच्या घरात तीन जण नव्याने राहायला आलेले. "पुढल्या वर्षी नक्की," असं दोघंही म्हणायचे आणि खरंच मनापासून म्हणायचे. मला वाटतं, अंतर जास्त असतं तर ते भेटले असते. सुरतला मात्र दोघं एकेकदा येऊन गेले, वेगवेगळ्या वर्षी.

त्या दोघांचं लहानपण मी बघितलेलं आहे म्हणून सांगते. बहीण सहा वर्षांची असताना तिला कावीळ झाली होती. उसाचा रस, ग्लुकोज, काही घेईना. माय वाटी घेऊन मागे फिरायची, मी फिरायचे, ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. भाऊ शाळेतून आला, दप्तर टाकलं, की त्याच्या हातून सगळं प्यायची. तो नऊ वर्षांचा. तो वाटी धरायचा आणि काही न बोलता तिच्याकडे बघत बसायचा, बस्स. पुढे ती नर्सिंगला गेली तेव्हा तिला सकाळी सायकलवर सोडायलाही तोच जायचा. कॉलेजच्या मैत्रिणी गुजरातीत विचारायच्या, हा कोण तुझा? ती सांगायची, माझा ड्रायव्हर.

*

फेब्रुवारीत तिला ताप आला. आठवडाभर तिने अंगावर काढला. स्वतः नर्स, पण दुसऱ्याचा ताप मोजणारी माणसं स्वतःचा मोजत नाहीत. मग हातांवर निळे डाग उठले आणि तिच्याच वॉर्डातल्या डॉक्टरांनी तिला ओढून तपासायला नेलं. रक्ताचा कर्करोग निघाला, झपाट्याने वाढणारा. तिने मला फोनवर सांगितलं ते असं, "आक्का, घाबरू नको. औषधं आहेत. मायला फक्त ताप म्हण."

भावाला मी त्याच दिवशी कळवलं. तो लगेच निघायच्या तयारीला लागला. पण त्याचा पासपोर्ट संपत आला होता म्हणून त्याने तो नवा करायला दिलेला होता. तो हातात आल्याशिवाय ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज भरता येत नाही. माझ्याकडे तर पासपोर्टच नव्हता. मायकडे कुठून असणार! मी घाईचा अर्ज केला, पोलिसांची तपासणी, कागद, सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं. यात कुणाची चूक मला सापडत नाही. मी पुष्कळ शोधली.

तिच्याजवळ एक मैत्रीण होती. केरळची, तिच्याच वॉर्डात नर्स, एकाच घरात दोघी राहायच्या. आपली ड्यूटी संपली की ही पोरगी घरी न जाता बहिणीच्या खाटेजवळ बसायची. आम्ही हिंदीत बोलायचो. तिची हिंदी तुटकी, माझी सुरतेची. शाळेच्या मधल्या सुट्टीत, दीड वाजता, म्हणजे तिकडे सकाळी आठला, ती फोन लावायची आणि बहिणीच्या तोंडासमोर धरायची. शिक्षकांच्या खोलीत बाकीच्या बाया डबे घेऊन बाहेर व्हरांड्यात जायच्या. कुणी काही विचारलं नाही. मला एकटीला सोडायच्या.

पहिले आठ-दहा दिवस माय पण फोनवर बोलली. मग औषधांनी बहिणीचं तोंड सुजलं, केस गेले. ती म्हणाली, "मायला आता दाखवू नको." तेव्हापासून मायला मी संध्याकाळी जाऊन सांगायचे. आज काय खाल्लं, आज किती बोलली. माय खडे चिकटवत ऐकायची. तिचा सगळा भरवसा माझ्या तोंडावर होता.

भावाचा पासपोर्ट आला. त्याने त्याच दिवशी अर्ज भरला, बोटांचे ठसे दिले, बहिणीच्या आजाराचं डॉक्टरांचं पत्र जोडलं. तातडीचा अर्ज होता. व्हिसा आता आठवडाभरात कधीही येईल म्हणाले. त्याने बॅग भरून दाराशी ठेवली.

मंगळवारी दुपारी फोन आला तेव्हा बहिणीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. फुप्फुसात जंतू गेले होते. ती हाताने मास्क काढायला बघत होती आणि मैत्रीण तिचा हात धरून ठेवत होती. तिच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली भीती होती. ती मास्कच्या आतून काहीतरी म्हणाली. मैत्रिणीने क्षणभर मास्क वर केला.

"भाऊ कुठे आहे?"

मी म्हणाले, "निघालाय."

शब्द तोंडातून गेला आणि तिचा हात खाली आला. मास्क ओढायचा ती थांबली. हे मी डोळ्यांनी बघितलं. एका शब्दाने तिची तडफड थांबली होती, आणि तो शब्द मी परत कसा घेणार होते?

"किती वेळ?"

"विमानात बसला की सात तास."

तिने मान हलवली आणि डोळे मिटले. मला वाटलं, व्हिसा उद्या येईलच. एका दिवसाचं तर खोटं आहे. उद्या ते खरं होईल.

त्या संध्याकाळी मायकडे गेले. तिने विचारलं, "भाऊ गया का?" आणि मी म्हणाले, हो, गेला. तिने हातातली साडी बाजूला ठेवली. उठली, देवापुढे दिवा लावला. मग मला विचारलं, "तिना हात धरीसन बठेल शे ना?" मी म्हणाले, पोचला की बसेल.

बुधवारी व्हिसा आला नाही. भाऊ संध्याकाळी, म्हणजे त्याच्या सकाळी, फोनवर नुसता श्वास घेत होता. मी त्याला सांगितलं नाही की मी त्याला निघालेला म्हटलंय. तो आधीच अर्धा झाला होता.

बुधवारी दुपारी बहिणीने पुन्हा विचारलं होतं. तिला औषधांची गुंगी होती, तिच्या लेखी काल आणि आज असं काही उरलं नसावं. "कुठपर्यंत आला?" मी म्हणाले, तिकडे बर्फ पडतोय, विमान उशिरा सुटलं. आता बसलाय. सात तास. ती म्हणाली, "अजून सातच?" मी म्हणाले, "सातच. झोप काढ, तोवर येतो."

त्या दोन दिवसांत मी वर्गात भागाकार शिकवला, मुलांच्या वह्या तपासल्या. शरीर आपलं काम करत राहतं, त्याला माणसाशी काही घेणं नसतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत फोन आला. तिचा श्वास भराभर चालला होता. मैत्रिणीचा चेहरा रात्रपाळीने काळवंडला होता, पण ती हसून बोलत होती, जसं नर्सा रोग्यांशी बोलतात. बहिणीने डोळे उघडले. ओठ हलले. मला ऐकू आलं नाही, मैत्रिणीने मला सांगितलं, "भाई को पूछती है."

आता सात तास म्हणणं मला जमेना. तिसऱ्यांदा सात तास म्हटलं असतं तर तिला कळलं असतं. मी म्हणाले, "उतरला गं. विमानतळावर उतरलाय. येतोच आहे." मैत्रिणीलाही हिंदीत तेच सांगितलं.

बहिणीच्या तोंडावर जे आलं ते मी लिहू शकत नाही. हसू म्हणावं तर ओठांत तेवढी ताकद नव्हती. पण तिने मान वळवली आणि दाराकडे बघितलं.

घंटा झाली. मी फोन ठेवला आणि वर्गावर गेले.

तीन वाजायला आले होते तेव्हा मैत्रिणीचा पुन्हा फोन आला. त्या वेळी ती कधी फोन करत नसे. मी वर्गातून बाहेर आले, जिन्याच्या पायरीवर बसले. आतून मुलांचा गोंगाट येत होता. ती रडत होती, हिंदी विसरली होती, आपल्या भाषेत काहीतरी बोलत होती. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं.

*

भावाचा व्हिसा सोमवारी आला. तो मंगळवारी लंडनला पोचला. बहिणीला त्याने शीतपेटीत बघितलं. तिकडेच अग्नी दिला. मैत्रीण आणि वॉर्डातल्या पंधरा-वीस जणी आल्या होत्या. पुढच्या आठवड्यात तो अस्थी घेऊन सुरतला आला.

बहीण गेली हे मायला मी गुरुवारी संध्याकाळीच सांगितलं होतं. ती ओरडली नाही, जमिनीवर बसली आणि मातीत पडलेलं काही शोधावं तशी फरशीवरून हात फिरवत राहिली. शेजारच्या बाया आल्या. त्यांच्यापैकी कुणीतरी विचारलं, जवळ कोण होतं? आणि माय म्हणाली, "भाऊ व्हता ना. भाऊ पोहचना व्हता." तिने ते दोनदा म्हटलं. पुढचे बारा दिवस जो कुणी भेटायला येई त्याला ती हेच सांगायची. त्या घरात धरायला तेवढाच एक खांब होता आणि तो मी खोटा उभा केलेला होता. तो पाडायची माझी छाती झाली नाही.

भाऊ आला त्या दिवशी दुपारी आम्ही तापीवर गेलो. माय घाटाच्या पायरीवर बसून राहिली. हे पाणी आपल्या गावाकडूनच येतं, एवढंच ती म्हणाली.

घरी आल्यावर भाऊ गच्चीवर गेला. मी चहा घेऊन गेले. तो टाकीला टेकून उभा होता. पाच वर्षांत त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. चहा त्याने हातात घेतला आणि प्यायला नाही.

"आक्का, एक विचारू?"

"विचार."

"तू तिला सांगितलं होतंस, मी उतरलोय म्हणून?"

मी हो म्हणाले.

"तिच्या मैत्रिणीसमोर?"

"फोन तिच्याच हातात होता."

तो समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या बघत राहिला. मग त्याने सांगितलं. "त्या मैत्रिणीला वाटलं होतं की मी खरंच येतोय. हॉस्पिटल मोठं आहे, तीन इमारती आहेत, नव्या माणसाला वॉर्ड सापडत नाही. मी वाट चुकेन म्हणून ती खाली फाटकापाशी मला घ्यायला गेली. तिने माझा फोटो बघितलेला होता. थंडीत अर्धा तास फाटकाशी उभी राहिली, येणाऱ्या प्रत्येक टॅक्सीत वाकून बघत. वर आली तेव्हा सगळं संपलं होतं."

"म्हणजे जवळ कुणी..."

"नव्हतं," तो म्हणाला. "दुसऱ्या नर्सा आल्या, यंत्र वाजलं तेव्हा. पण जवळ कुणी नव्हतं."

खालच्या गल्लीत रिक्षावाला भाड्यावरून कुणाशी तरी गुजरातीत भांडत होता. मी तेच ऐकत उभी राहिले. मला बसायचं होतं, पण गच्चीवर बसायला काही नव्हतं.

"मी तुला दोष देत नाही," भाऊ म्हणाला. त्याने ते मनापासून म्हटलं. पण त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मग म्हणाला, "विमानात समोर नकाशा दाखवतात. केवढा समुद्र राहिला, किती वेळ राहिला. मी सात तास तोच बघत होतो. जेवण आलं ते परत पाठवलं. मला सारखं वाटत होतं, मी एवढाच लांब होतो. एवढाच."

खाली आलो. माय भिंतीला टेकून बसली होती. तिने भावाला हाताने जवळ बोलावलं. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. बारा दिवस ती या क्षणाची वाट बघत होती, हे मला तिच्या बसण्यावरून कळलं.

"सांग माले," ती म्हणाली. "तिनी तुले वळखं का? काय बोलनी?"

भावाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवू शकले असते. एका खुणेने त्याला सांगता आलं असतं की हो म्हण, ओळखलं म्हण. तो म्हणाला असता. पण माझी मान हलली नाही. मी खोटं सांगून सांगून रिकामी झाले होते.

"माय," तो म्हणाला, "मी पोचलोच नाही. मी गेलो तेव्हा ती गेलेली होती. पाच दिवस झाले होते."

मायला ते समजायला वेळ लागला. तिने आधी त्याचा हात सोडला. मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं ती विचारेल, तू मला खोटं का सांगितलंस. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. तिने ते विचारलंच नाही.

"तू तिलेबी असंच सांगं?"

मी हो म्हणाले.

माय उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार लावलं नाही, नुसती जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

*

भाऊ आणखी आठ दिवस राहिला आणि परत गेला. मी त्याला मुंबईच्या गाडीत बसवायला स्टेशनवर गेले. गाडी हलेपर्यंत आम्ही त्याच्या बॅगेबद्दल बोललो.

माय माझ्याशी बोलत नव्हती असं नाही. मीठ संपलंय, गॅस आला का, पाणी दोन दिवस येणार नाही, एवढं सगळं बोलायची. पण बहिणीचं नाव काढलं की गप्प. मी संध्याकाळी जायचे, बसायचे, ती साड्यांवर खडे चिकटवत राहायची. गोंदाच्या वासाने माझं डोकं दुखायचं तरी मी उठायचे नाही. घरी आले की नवरा विचारायचा, बोलली का? तो हजीऱ्याला प्लांटमध्ये आहे, बोलणारा माणूस नाही. मी नाही म्हणायचे. तो ताट वाढून द्यायचा.

दोन महिन्यांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, एका दुपारी मी गेले तर मायने काम काढलेलं नव्हतं. ती नुसती बसली होती. मला म्हणाली, "बस. माले समदं सांग. पहिला दिनपासून. खरं सांग."

मी सांगितलं. ताप आला त्या दिवसापासून. डाग, सूज, केस. मास्क ओढत होती ते. निघालाय म्हणाले ते. बर्फाचं, उशिराचं. सात तास मी किती वेळा म्हणाले ते. मध्ये मध्ये ती फार साध्या गोष्टी विचारायची. त्या दिवशी ती काय जेवली? खोलीला खिडकी होती का? अंगावर पांघरूण आपलं होतं की तिथलं? जे माहीत होतं ते मी सांगितलं, जे नव्हतं त्याला माहीत नाही म्हणाले. मग मी गुरुवारचं सांगितलं. उतरलाय म्हणाले ते. आणि फाटकाचं, जे भावाने तिला सांगितलं नव्हतं.

सांगून झालं तेव्हा ऊन ओट्यावरून उतरलं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. मला वाटलं, आता ती मला काय म्हणायचं ते म्हणेल, आणि जे म्हणेल ते ऐकायची माझी तयारी होती. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

माय म्हणाली, "ती पोर. जी खाले गयती. तिना फोन लागस का?"

मी म्हणाले लागतो.

"लाव."

तिकडे सकाळ होती. मैत्रिणीने उचलला. माझा नंबर बघून तिचा आवाज आधीच बारीक झाला. त्या दिवसानंतर आम्ही दोन-तीनदाच बोललो होतो, सामानाबद्दल. मी सांगितलं, माझी आई बोलणार आहे. फोन मध्ये ठेवला, आवाज मोठा केला. मायची हिंदी बाजारापुरती, त्या पोरीची हॉस्पिटलापुरती. दोघींच्या मध्ये मी बसले.

ती पोरगी आधी नुसती रडली. मग म्हणाली, "मैं नीचे क्यों गयी, आंटी. मुझे नहीं जाना था. रोज सोचती हूँ." हे मी मायला सांगितलं.

माय फोनकडे वाकली, जसं काही ती पोर फोनच्या आत खाली कुठेतरी बसली आहे. आणि म्हणाली, "तुनी काय चूक, बेटा? तुले जसं सांगं तसं तू करं."

तिला कळलं नव्हतं. ती वाट बघत होती. माय पण माझ्याकडे बघून थांबली होती, की मी आता हे हिंदीत सांगावं.

मी सांगितलं. "माँ कहती है, इसमें तुम्हारी कोई गलती नहीं है. तुम्हें जैसा बताया गया, तुमने वैसा किया."

ती हुंदके देऊन रडायला लागली. माय तिला जेवायला विचारू लागली, घरात आता कोण असतं ते विचारू लागली, तुझी माय कुठे असते, तिला फोन करतेस का. मी एकेक वाक्य इकडून तिकडे नेत राहिले. अर्ध्या तासाने फोन बंद झाला. माय उठली आणि तांदूळ निवडायला घेतले.

आता दर रविवारी दुपारी ती पोरगी फोन करते. माय त्याच्या आधी तोंड धुऊन, पदर नीट करून बसते. दोघींना एकमेकींचं बरंच कळायला लागलंय, तरी मला बसावं लागतं. मागच्या रविवारी ती सांगत होती की तिचं लग्न ठरतंय, मुलगा तिच्याच गावचा आहे. मायने विचारलं, हळदीची साडी कोण देणार? मग तिने मला उठवून कपाट उघडायला लावलं.